अंदाज वाचण्याआधी आभाळ मोजा: हवामान शिकू पाहणाऱ्यांसाठी

फोनवर ढगाचं चित्र दिसतं, शेजारी ४० टक्के लिहिलेलं असतं आणि दिवसभर थेंबही पडत नाही. लगेच निकाल लागतो: अंदाज चुकला! पण चूक बरेचदा वाचण्यात असते. तो आकडा कशाचा, किती तासांसाठीचा आणि किती मोठ्या परिसराचा, हे ठाऊक नसेल तर बरोबर अंदाजही चुकीचा वाटतो. हे कळण्याचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे महिनाभर स्वतः वेध घेणं. म्हणून हा लेख मोजण्यापासून सुरू होतो आणि फोनवरच्या अंदाजाकडे शेवटी येतो. हा क्रम उलटवू नका.

चढणारी हवा, उतरणारी हवा

ढग, पाऊस, वादळ हा सगळा खेळ तपांबरात चालतो. वातावरणाचा हा सर्वांत खालचा थर ध्रुवांकडे ८-९ किलोमीटर, तर विषुववृत्तावर १६ ते १८ किलोमीटर जाड असतो. ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला तापवते, तापलेली हवा हलकी होऊन वर निघते. वर दाब कमी असल्याने ती फुगते, आणि फुगण्यात तिची स्वतःची उष्णता खर्च होते. ढग नसलेली हवा अशी चढताना दर किलोमीटरला साधारण १० अंश सेल्सियसने थंड होते.

थंड होण्याला एवढं महत्त्व का, ते तीन आकड्यांत कळतं. एका घनमीटर जागेत ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. वर चढून गार झालेल्या हवेतलं जादा बाष्प धूळ-मिठाच्या सूक्ष्म कणांवर जमतं आणि ढग दिसू लागतो. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उबेने ढगातली हवा आणखी जोर धरते, म्हणूनच गडगडाटी ढग एवढे उंच वाढतात.

आता उलट बाजू. खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते, आणि तिच्यातले ढग विरून जातात. कमी दाबाच्या क्षेत्रात आजूबाजूची हवा गोळा होऊन वर जाते, जास्त दाबाच्या क्षेत्रात ती उतरते. नकाशावर कमी दाब दिसला की आभाळ भरण्याची शक्यता का वाढते, याचं उत्तर इथे आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो. त्यावरून डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलॉट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम आजही कामाचा आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो, दक्षिण गोलार्धात उजव्या. इमारतींच्या गल्लीत किंवा दरीत वारा वळवलेला असतो, तिथे खालच्या ढगांची दिशा पाहा. विषुववृत्ताजवळ मात्र हा नियम लागू पडत नाही.

साधनं, आणि ती खोटं कुठे बोलतात

महागडं हवामान केंद्र नको. तापमापक, आर्द्रतामापक, दाब दाखवणारा फोन आणि पाऊस मोजायचं भांडं एवढ्यावर उत्तम काम होतं. साधन साधं असलं तरी चालेल, त्याची जागा मात्र चुकू देऊ नका.

तापमापक हवेचं तापमान मोजण्यासाठी आहे. उन्हात ठेवला तर तो स्वतःचं तापमान दाखवतो. वेधशाळेत तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर असतो. घरी हेच साधायचं: दिवसभर सावली, चारही बाजूंनी खेळता वारा, भिंतीपासून जमेल तेवढं अंतर, आणि खाली शक्यतो माती किंवा गवत. गच्चीचा स्लॅब, पत्रा आणि वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा पंखा ही तीन ठिकाणं कटाक्षाने टाळा. तुमची नोंद निरभ्र दुपारी आसपासच्या केंद्रांपेक्षा ३-४ अंशांनी जास्त आणि ढगाळ दिवशी बरोबर येत असेल, तर तापमापकावर कुठून तरी ऊन किंवा भिंतीची धग येते आहे. तपासणीही सोपी आहे. तापमापकाचं टोक पाण्यात बुडवलेलं चालणार असेल तर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात कालवून त्यात ते बुडवा, ढवळत राहा. चार-पाच मिनिटांनी आकडा ० अंशांवर यायला हवा. जेवढा फरक, तेवढी दुरुस्ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आर्द्रतामापक स्वस्तातला असेल तर तो बिघडलेलाच धरून चला आणि मिठाने तपासा. एका झाकणात साधं मीठ घ्या, काही थेंब पाणी घालून ओलसर चिखलासारखं करा. मीठ विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका. बारा तासांनी, तापमान २०-२५ अंशांच्या आसपास असताना, आत ७५ टक्के आर्द्रता असते. मापक ८१ दाखवत असेल तर त्या पट्ट्यात तो ६ जास्त सांगतो.

दाबासाठी बऱ्याच फोनमध्ये संवेदक असतोच. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल (हाच आकडा मिलिबारमध्येही) असतो आणि सखल भागात दर ८ ते साडेआठ मीटर चढलं की तो साधारण १ ने उतरतो. खरं वाटत नसेल तर फोन घेऊन पाच मजले चढा: सुमारे १५ मीटर उंचीला आकडा १.८ च्या आसपास कमी होईल. त्यामुळे एक गोष्ट लक्षात घ्या, तळमजल्यावरची सकाळची नोंद आणि सातव्या मजल्यावरची संध्याकाळची नोंद यांची तुलना करायची नाही. नकाशावरचे दाब समुद्रसपाटीला आणलेले असतात, तुमच्या फोनवरचा कच्चा आकडा तसा नसतो.

दाबाच्या बाबतीत नवशिक्यांना हमखास चकवणारी गोष्ट उष्ण कटिबंधात घडते. तिथे दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी, आणि ही लाट साधारण ३ हेक्टोपास्कलची असते. नवा माणूस दुपारी आकडा घसरताना बघतो आणि वादळ येणार म्हणून सांगत सुटतो. उपाय एकच: आजच्या ४ वाजताची तुलना कालच्या ४ वाजताशी करा. चोवीस तासांत ३ पेक्षा जास्त घसरण झाली तर तिथे ती दखल घेण्याजोगी आहे. समशीतोष्ण भागात ही रोजची लाट बारीक असते. तिथे तीन तासांतला बदल पाहतात, आणि तेवढ्या वेळात ४-५ ने उतरलेला दाब म्हणजे जोरदार वाऱ्याची वर्दी.

पाऊस मोजणं सगळ्यात सोपं, आणि चुकीचं मोजणंही तितकंच सोपं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. प्लास्टिकची बाटली कापून वरचा भाग उलटा बसवला की नरसाळं तयार होतं, पण बाटलीचा तळ खडबडीत असल्याने पट्टी लावून मोजू नका. साठलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंटिमीटर) भागा आणि १० ने गुणा. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५, १०० मिलिलिटर पाणी जमलं म्हणजे १२.७ मिलिमीटर पाऊस. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं ठेवा. वारा थेंबांना भांड्यावरून उडवून नेतो, म्हणून उंच आणि उघड्या गच्चीवर पाऊस नेहमी कमी भरतो. रोज ठरलेल्या वेळी मोजून भांडं रिकामं करा, नाहीतर बाष्पीभवन तुमचा हिशेब खाऊन टाकेल.

वाऱ्याला यंत्र लागतच नाही, आजूबाजूच्या खुणांवरून वाऱ्याच्या जोराला क्रमांक देणारी ब्यूफोर्ट मोजपट्टी पुरते. धूर सरळ वर गेला तर ०. चेहऱ्याला वारा जाणवला, पानं सळसळली तर २, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर. धूळ आणि कागद उडाले, बारीक फांद्या हलल्या तर ४, म्हणजे २० ते २८. अख्खी झाडं डोलू लागली आणि वाऱ्यासमोर चालणं जड गेलं तर ७, म्हणजे ५० ते ६१. दिशा लिहिताना वारा येतो कुठून ते लिहायचं: पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा.

रोजची दहा मिनिटं

दिवसातून दोन वेळा ठरवा, उदाहरणार्थ सकाळी ८ आणि दुपारी ४, आणि त्या मोडू नका. वहीत तापमान, आर्द्रता, दाब, वारा, मागच्या चोवीस तासांचा पाऊस आणि आभाळ लिहा. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग पाडून किती झाकलेत ते लिहायचं: ३/८, ७/८. एखादा दिवस हुकला तर रकाना कोरा सोडा. आठवून किंवा अंदाजाने भरलेला एक आकडा सगळ्या वहीवरचा विश्वास घालवतो.

मापक दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला राहू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के हवेत आहे ते. तिच्यासोबत दवबिंदूही लिहायची सवय लावा, फोनवर तो काढून मिळतो. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला गार केल्यावर तिच्यातलं बाष्प दव बनू लागेल ते तापमान. सकाळी २२ अंशांना ८८ टक्के आर्द्रता आणि दुपारी ३२ अंशांना ४९ टक्के, हे पाहून हवा कोरडी झाली असं वाटतं. दोन्ही वेळी दवबिंदू २० अंशच असतो, बाष्प तेवढंच आहे. हवा खरोखर बदलली का, हे दवबिंदू सांगतो. तो काही तासांत ५-६ अंशांनी चढला किंवा उतरला तर तुमच्या डोक्यावर दुसऱ्याच मुलखाची हवा आली आहे.

त्यावरून एक सुंदर हिशेबही जमतो. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा. दुपारच्या कापशी ढगांच्या तळाची उंची मीटरमध्ये मिळते. ३० अंश तापमान आणि २२ दवबिंदू असेल तर तळ सुमारे १००० मीटरवर. हा हिशेब जमिनीवरून उठणाऱ्या ढगांनाच लागू होतो, सगळीकडे पसरलेल्या झाकोळाला नाही.

ढगांची भाषा

ढगांना आज आपण ज्या धाटणीची नावं देतो ती इंग्लंडमधले हौशी हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १८०३ च्या सुमारास रूढ केली. दहा प्रकार पाठ करायची घाई नको. आधी तीन प्रश्न विचारा. ढग ढिगासारखा आहे की पसरलेला? कडा रेखीव आहेत की धूसर? आणि गेल्या तासात तो वाढला की विरला? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

समशीतोष्ण प्रदेशात एक क्रम ओळखायला शिका. आधी उंचावर घोड्याच्या शेपटीसारखे तंतुमेघ, मग पातळ पांढरा पडदा आणि सूर्य-चंद्राभोवती २२ अंशांचं खळं, मग काचेआडून दिसावा तसा मिणमिणता सूर्य, मग करडं, खाली आलेलं आभाळ आणि संततधार. ही उष्ण आघाडी, म्हणजे थंड हवेवर चढत पुढे सरकणाऱ्या उबदार हवेची सीमा, जवळ येत असल्याची खूण आहे, आणि पहिल्या तंतूंपासून पावसापर्यंत बहुधा अर्धा ते एक दिवस जातो. नुसते तंतुमेघ दिसले आणि मागून पडदा आलाच नाही, तर घाबरायचं कारण नाही.

गडगडाटी पावसाचा ढग मात्र तासाभरात घडतो. सकाळी कापसाचे पुंजके उंचीपेक्षा रुंद असतील तर दुपार बहुधा ठीक. दुपारच्या आधीच ते रुंदीपेक्षा उंच होऊ लागले तर नजर ठेवा. माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव दिसतो तोवर तिथे मुख्यतः पाण्याचे थेंब असतात. तोच माथा केसाळ, धूसर होऊन ऐरणीसारखा पसरू लागला की वर बर्फ झालेलं आहे आणि ढग पक्व आहे. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली आदळते आणि चहूकडे पसरते. म्हणून आधी वारा थांबतो, मग एकाएकी दुसऱ्याच दिशेने गार झोत येतो, तापमान काही मिनिटांत कित्येक अंशांनी घसरतं आणि दाब झटक्यात वर चढतो. या झोतानंतर पाऊस यायला अनेकदा काही मिनिटंच उरतात. कधी नुसता झोतच पोहोचतो आणि पाऊस बाजूने निघून जातो.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, किलोमीटरमध्ये अंतर मिळेल. ३० सेकंद किंवा कमी असतील तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली थांबणं हा पर्यायच नाही. इथे वहीतल्या नोंदीसाठी एक सेकंदही थांबू नका.

अंदाज तयार होतो तो असा

जगभरची केंद्रं ठरलेल्या वेळी वेध घेतात. शेकडो ठिकाणांहून दिवसात बहुधा दोनदा, आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या (UTC) ० आणि १२ वाजता, फुगे सोडले जातात. ते सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने चढत ३० किलोमीटरच्या आसपास फुटेपर्यंत तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहतात. जहाजं, विमानं, तरंगते बोये यांची भर पडते, आणि संख्येने सर्वांत जास्त नोंदी उपग्रहांकडून येतात. या सगळ्यातून ‘आत्ता वातावरण कसं आहे’ याचं त्रिमितीय चित्र बांधलं जातं. मग गती, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणं महासंगणकावर काही मिनिटांच्या उड्या मारत पुढे सोडवली जातात. याला मॉडेल म्हणतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हेच काम हाताने करून १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं उत्तर आलं, प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. समीकरणं बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदींमधला असमतोल हिशेबात फुगत गेला होता. १९५० मध्ये एनियाक संगणकावर पहिले संगणकीय अंदाज काढले गेले, तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागले. पुढे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की सुरुवातीचा नगण्य फरकही काही दिवसांत सगळं चित्र बदलू शकतो. त्यांच्या संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकल्यावर उत्तर पार वेगळीकडे गेलं होतं. म्हणून आज मोठी केंद्रं सुरुवात किंचित बदलून तेच मॉडेल कित्येकदा चालवतात. ५० पैकी ४५ उत्तरं पाऊस दाखवत असतील तर भरवसा जास्त, २० दाखवत असतील तर कमी. टक्केवारी मुख्यतः इथून येते.

जाळीचं भानही हवं. मॉडेल हवेचे चौकोन पाडतं. चौकोन ९ किलोमीटरचा असेल तर ३-४ किलोमीटर रुंदीचा गडगडाटी ढग त्यात दिसतच नाही, त्याचा परिणाम सूत्राने धरावा लागतो. तुमची टेकडी किंवा तलाव त्या चौकोनात सपाट होऊन गेलेला असू शकतो.

आता फोन उघडा

आधी अंदाज कधीचा आहे ते पाहा. बरीच जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा चालतात आणि निकाल काही तासांनी येतो. नकाशावरची वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत (UTC) असेल तर ती स्थानिक वेळेत करून घ्या. पाऊस आदल्या दिवशी पडला अशी तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते.

चित्राकडे दुर्लक्ष करा. दिवसभराच्या हवामानाला एकच चिन्ह द्यायचं म्हणून यंत्राने ते निवडलेलं असतं. तासागणिक आकडे पाहा, आणि पावसाची शक्यता व पावसाचं प्रमाण वेगवेगळं वाचा. ४० टक्के म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस असं नाही, हलका पाऊस असंही नाही. असे दहा अंदाज दिले तर त्यांपैकी साधारण चार वेळा तुमच्या जागी मोजण्याइतका पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ९० टक्के शक्यतेचा पाऊस १ मिलिमीटर असू शकतो आणि २० टक्के शक्यतेचा ६०.

मग दोन-तीन वेगवेगळी मॉडेल शेजारी ठेवा आणि त्याच मॉडेलचे लागोपाठचे निकालही. शनिवारचा पाऊस प्रत्येक नव्या निकालात शनिवारीच राहत असेल तर ठीक. तो कधी शुक्रवारी, कधी गायब होत असेल तर नेमक्या आकड्यांवर काही ठरवू नका. तिसऱ्या दिवसापर्यंत तासांचा विचार करा, सातव्या दिवसापर्यंत ओला की कोरडा एवढाच, आणि दहा दिवसांपुढे फक्त सरासरीपेक्षा गरम-गार असा कल. पंधराव्या दिवशी दुपारी ३ ला पाऊस, असं कुणी सांगत असेल तर तो आकडा सोडून द्या.

शेवटच्या दोन तासांसाठी मॉडेल बाजूला ठेवून रडार उघडा. ढगाचा पट्टा अर्ध्या तासात २० किलोमीटर सरकला आणि तुमच्यापासून ३० किलोमीटरवर असेल तर पाऊण तास हातात आहे. पण रडारचा झोत दूर जाताना जमिनीपासून उंच उंच जातो, त्यामुळे लांबचा ठेंगणा पाऊस त्याला दिसत नाही आणि डोंगरामागे तो आंधळा असतो. उलट, कोरड्या हवेत रडारवर दिसलेला पाऊस जमिनीवर येण्याआधी वाळूनही जातो.

निर्णय कसा घ्यायचा, यासाठी एक भागाकार करा. काळजी घेण्याचा खर्च भागिले न घेतल्यास होणारं नुकसान. कापड झाकण्याचे श्रम १ आणि भिजल्याचं नुकसान १० असेल तर १० टक्क्यांपेक्षा जास्त शक्यता दिसताच झाका. खर्च ६ आणि नुकसान १० असेल तर ६० टक्क्यांपर्यंत थांबता येईल. म्हणून एकाच अंदाजावर दोघांनी वेगळे निर्णय घेतले तरी दोघेही बरोबर असू शकतात. अधिकृत इशारा आला असेल तर मात्र हा हिशेब करत बसू नका, सूचना पाळा.

पडताळा

रोज रात्री उद्याच्या पावसाची शक्यता स्वतः लिहा आणि शेजारी फोनवरचीही लिहा. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला तर १, नाही तर ०. शक्यता दशांशात घ्या (७० टक्के म्हणजे ०.७) आणि या १ किंवा ० शी असलेल्या फरकाचा वर्ग करा: ७० टक्के म्हटलं आणि पडला तर ०.०९, नाही पडला तर ०.४९. महिन्याची सरासरी काढा, जेवढी कमी तेवढी चांगली. रोज डोळे मिटून ५० टक्के लिहिलं तरी ०.२५ मिळतात, तेव्हा त्याच्या खाली जाणं ही पहिली पायरी. ‘उद्या आजच्यासारखंच’ या आळशी अंदाजाचाही रकाना ठेवा. स्थिर हवेत तो हरवणं फार अवघड जातं.

तापमानासाठी अंदाज वजा तुमची नोंद, असा फरक लिहा. तीस दिवसांत किमान तापमानाचा अंदाज सरासरी दीड अंशाने जास्त निघाला, आणि तो मुख्यतः निरभ्र, शांत रात्री तसा निघाला, तर तुम्ही अशा खोलगट जागी आहात जिथे रात्री गार हवा साचते आणि मॉडेलच्या जाळीला ती जागा दिसत नाही. पुढच्या वेळी तशी रात्र आली की अंदाजातून दीड वजा करा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री वजा करू नका, तेव्हा हवा ढवळलेली असते आणि तो फरक नाहीसा होतो.